पहाटेची धून आणि परका संगीतकार

रायगडच्या किनारपट्टीवर ज्यांचे बालपण गेले त्यांना एक आठवण समान आहे. थळ, वरसोली, नागाव, रेवदंडा, मुरूड, गाव कोणतेही असो. पहाटेचा अंधार अजून पुरता फिटलेला नाही, वाडीतल्या रहाटाचा किंवा समुद्राच्या गाजेचा आवाज तेवढा येतो आहे, आणि अशा वेळी ओसरीवरच्या फळीवर ठेवलेला, पोस्टातून रीतसर परवाना काढून आणलेला रेडिओ खरखरत जागा होतो. निवेदकाचा शब्द अजून उमटलेला नसतो, ‘वंदे मातरम्’ही व्हायचे असते. त्याआधी तंबोऱ्याच्या झंकारावर व्हायोलिनची एक लहानशी सुरावट हळुवार वर चढते, थांबते, पुन्हा चढते. ती संपली की आकाशवाणीची पहिली सभा सुरू होते आणि घराचा दिवसही सुरू होतो. मध्यमलहरी खाऱ्या पाण्यावरून जाताना जमिनीच्या मानाने कमी क्षीण होतात. त्यामुळे खाडीपलीकडचे मुंबई केंद्र या किनाऱ्यावर नेहमीच खणखणीत ऐकू येई. मुंबईचे दिवे ज्या पाण्यावरून दिसत, त्याच पाण्यावरून ही धूनही येत असे.

ही धून किती जणांनी किती वेळा ऐकली असेल याची गणती करणे व्यर्थ आहे. पण ती कोणी रचली, हा प्रश्न आपल्यापैकी कितीजणांना पडला? ज्ञानेश्वरीच्या ओव्यांचा कर्ता आपणांस ठाऊक असतो, नाट्यपदाच्या चालीचा कर्ताही आपण आवर्जून सांगतो. रोज सकाळी घरात येणाऱ्या या पाहुण्याचे नाव मात्र आपण विचारले नाही. ते नाव वॉल्टर कॉफमन असे आहे. या धुनेच्या कर्तृत्वाविषयी अधूनमधून इतरही नावे घेतली जातात. परंतु आज अभ्यासकांमध्ये रूढ असलेले मत कॉफमन यांच्याच बाजूचे आहे, आणि मूळ ध्वनिमुद्रणातील व्हायोलिन मेहली मेहता यांनी वाजविले असे सांगितले जाते. काळ १९३६ च्या सुमाराचा.

कॉफमन हे वाद्यवृंदाचे संचालक होते आणि स्वररचनाकारही होते. त्यांच्या आयुष्याची हकिकत नुसत्या कुतूहलापोटी सांगण्यासारखी आहेच. परंतु तिच्यातून एक अप्रिय प्रश्नही उभा राहतो. बारा वर्षे मुंबईत राहून, या शहराला व या देशाला इतके काही देऊन, हा माणूस शेवटी येथून का गेला? आणि तो एकटाच का गेला नाही?

कॉफमन यांचा जन्म १ एप्रिल १९०७ रोजी बोहेमियातील कार्ल्सबाड येथे झाला. हे गाव उष्णोदकाच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असून तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. पुढे ते चेकोस्लोव्हाकियात गेले आणि आज ते कार्लोवी वारी या नावाने ओळखले जाते. घराणे ज्यू. बर्लिनच्या संगीत विद्यालयात त्यांनी फ्रांझ श्रेकर यांच्यापाशी स्वररचनेचे व कुर्ट झाक्स यांच्यापाशी संगीतशास्त्राचे शिक्षण घेतले आणि पुढे प्रागच्या जर्मन विद्यापीठात अभ्यास केला. विशीतच संगीतनाट्यांच्या वाद्यवृंदांचे संचालन ते करू लागले होते. डॉक्टरेटसाठी त्यांनी माहलर या रचनाकारावर प्रबंध लिहिला. परंतु आपले एक प्राध्यापक नाझी तरुणांच्या संघटनेचे पुढारीपण करीत आहेत असे कळल्यावर त्यांनी ती पदवी स्वीकारण्याचे नाकारले. पदवीच्या एका कागदासाठी आयुष्यभर झुरणाऱ्या आपल्या समाजाला या नकाराची किंमत समजावून सांगण्याची गरज नाही.

१९३३ साली जर्मनीत हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू वादक, संचालक, अध्यापक यांना एकामागून एक दारे बंद होऊ लागली. त्या काळी पळून जाणाऱ्यांपैकी बहुतेकांची दृष्टी लंडन, पॅरिस किंवा न्यूयॉर्क येथे होती. कॉफमन मात्र फेब्रुवारी १९३४ मध्ये मुंबईच्या बंदरात उतरले. येथला व्हिसा सहज मिळाला, हे एक व्यावहारिक कारण होते. दुसरे कारण अधिक विचार करण्याजोगे आहे. हिंदुस्थानी संगीताच्या काही ध्वनिमुद्रिका त्यांनी ऐकल्या होत्या आणि त्या त्यांना मुळीच कळल्या नव्हत्या. मात्र हे संगीत बुद्धी व हृदय असलेल्या माणसांनीच निर्माण केले आहे आणि लक्षावधी लोकांना ते प्रिय आहे, त्या अर्थी ते न कळण्याचा दोष आपलाच असला पाहिजे, असा त्यांनी विचार केला. तो दोष दूर करायचा तर जेथे ते संगीत जन्मले तेथे जाऊन ऐकले पाहिजे. त्याच काळात आपल्या देशात अधिकारावर असलेले अनेक युरोपीय हे संगीत एकदा ऐकून त्यावर शेरा मारून मोकळे होत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या विनयाचे मोल कळते.

समुद्रमार्गे येऊन पश्चिम किनाऱ्याला लागलेला हा काही पहिलाच ज्यू नव्हे. मुंबईच्या समोर, खाडी ओलांडली की अलिबागजवळ नवगाव आहे. बेने इस्रायल समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे गलबत येथेच फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि बुडालेल्यांना नवगावच्या भूमीतच मूठमाती मिळाली. वाचलेल्यांनी तेलाचा घाणा धरला. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागला. त्यांची आडनावे नागावकर, चेऊलकर, रोहेकर, पेणकर, किहीमकर अशी झाली. त्यांची घरची भाषा मराठी झाली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी बायबलातील कथांवर मराठी कीर्तनेही रचली. अलिबागच्या इस्रायल आळीत त्यांचे प्रार्थनामंदिर आजही उभे आहे. तेव्हाच्या कुलाबा आणि १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्याने आलेल्यांना शतकानुशतके नुसता आसरा दिला असे नाही, कामही दिले, म्हणूनच ते येथले झाले. या दोन शब्दांतला, म्हणजे आसरा आणि काम यांतला, फरक कॉफमन यांच्या हकिकतीत पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

मुंबईत उतरल्यावर काही महिन्यांतच कॉफमन यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी स्थापन केली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात तिचे कार्यक्रम होत. पियानोवर स्वतः कॉफमन, व्हायोलिनवर मेहली मेहता आणि चेलोवर एजिडिओ व्हेर्गा हे इटालियन वादक. तीन वर्षांत या संस्थेने शंभरावर कार्यक्रम केले. श्रोते मोजकेच, वर्गणीदार त्याहून मोजके. परंतु कार्यक्रम चुकत नसे. १९३७ मध्ये ते आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख झाले व १९४६ पर्यंत त्या पदावर राहिले. मोहन भवनानी यांच्या चित्रपटांसाठीही त्यांनी काम केले, सोफिया महाविद्यालयात अध्यापन केले, आणि या सगळ्यातून वेळ काढून हिंदुस्थानी रागसंगीताचा अभ्यास चालविला. गोंड व बैगा आदिवासींच्या गीतांवरचा त्यांचा लेख १९४१ मध्ये अमेरिकेतील एका मान्यवर संगीतविषयक त्रैमासिकात प्रसिद्ध झाला. आपल्या विद्यापीठांतील संगीतप्रेमी मंडळी तेव्हा आदिवासींच्या गाण्याकडे वळलेली नव्हती, एवढे येथे नमूद केले तरी पुरे.

येथे थोडे थांबून वाद्यवृंदाचा संचालक म्हणजे काय करणारा माणूस, हे पाहिले पाहिजे. आपल्या संगीताची बैठक एकट्याची आहे. गायक बसतो, तबलजी व पेटीवाला त्याची साथ करतात, आणि पुढे काय घडणार हे त्या क्षणी गायकच ठरवितो. त्यामुळे स्वतः एकही सूर न काढता हातातल्या काठीने सत्तर-ऐंशी वादकांना नाचविणारा माणूस आपल्याला गमतीचा वाटतो. परंतु हे काम आपल्या किनाऱ्याला अगदीच अनोळखी नाही. मोठ्या होडीवरचा तांडेल आठवावा. वल्हे इतरांच्या हातात असते, शीड इतर ओढतात, जाळे इतर सोडतात. पण वारा केव्हा फिरेल, जाळे केव्हा टाकायचे आणि केव्हा ओढायचे, हे तांडेलाला आधी कळलेले असावे लागते आणि त्याचा शब्द सगळ्यांनी एकाच क्षणी ऐकावा लागतो. संचालकाचे खरे काम व्यासपीठावर दिसते त्याच्या आधीच बरेचसे झालेले असते. प्रत्येक वाद्याची लिहिलेली ओळ त्याने वाचलेली असते. सनईसारख्या ओबोचा सूर व्हायोलिनांच्या गर्दीत बुडणार असेल तर व्हायोलिने किती दाबायची, हे तालमीत त्यानेच ठरविलेले असते. कार्यक्रमात त्याचा उजवा हात लय राखतो आणि डावा हात कोणाला पुढे आण, कोणाला मागे घे, हे सांगतो.

अशा माणसाने स्वतः रचना करणे ही आणखी वेगळी गोष्ट. संचालकाला दिवसभर दुसऱ्यांचे संगीत मनात वागवावे लागते. रचनाकाराला ते सगळे बाजूस सारून स्वतःचा सूर ऐकावा लागतो. दोन्ही कामे एका आयुष्यात करणारे म्हणून कॉफमन यांच्यापुढे माहलरचा आदर्श होता. तो वर्षभर संचालन करी व उन्हाळ्याच्या सुटीत रचना करी. कॉफमन यांच्या रचना मुंबईतच मोठ्या प्रमाणावर झाल्या. तंतुवाद्यांची चौकडी हा त्यांचा आवडता प्रकार, आणि ‘अनसूया’ नावाची नभोवाणी-संगीतिका १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई केंद्रासाठी त्यांनी केली. या रचनांत हिंदुस्थानी रागांचे सूर येतात, पण ते चवीपुरते शिंपडलेले नसतात. आकाशवाणीच्या धुनेतही हेच दिसते. तिच्यात शिवरंजनीची ओळख पटते, तंबोरा आहे, आणि तरीही तिची बांधणी लिहिलेल्या संगीताची आहे. तिला आलापीचा विस्तार नाही. जेवढे सांगायचे तेवढे सांगून ती थांबते.

त्याच सुमारास दिल्ली केंद्रावर जॉन फोल्ड्स हे इंग्रज रचनाकार काम करीत होते. हिंदी व युरोपीय वाद्ये एकत्र आणण्याचे प्रयोग त्यांनीही केले. १९३९ मध्ये कोलकात्यात पटकीने त्यांचा अंत झाला. हार्मोनियमवर त्यांनी कडाडून टीका केली होती, आणि १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीला आपल्या स्टुडिओत बंदी केली. ती १९७१ पर्यंत पूर्णपणे उठली नव्हती. एका परक्याच्या मतातून निघालेला निषेध आपल्याला तीस वर्षे लक्षात राहिला, त्यावर वादविवाद झाले, परिसंवाद झाले. दुसऱ्या परक्याने दिलेली धून मात्र आपण इतकी आपली करून टाकली की देणाऱ्याचे नावही उरले नाही. विस्मरणाचा हा प्रकार एका अर्थी त्या धुनेचा गौरवच आहे, असे कोणी म्हणेल. परंतु तसा गौरव करून घेण्याची सवय समाजाला बरी नव्हे.

मुंबईतील ही वर्षे निश्चिंतीची होती असे मात्र समजू नये. कॉफमन यांची पत्नी गेर्टी ही सुप्रसिद्ध लेखक फ्रांझ काफ्का यांची भाची, त्यांच्या थोरल्या बहिणीची, एल्लीची मुलगी. १९४१ मध्ये एल्ली यांना प्रागहून लोड्झच्या ज्यू वस्तीत नेण्यात आले आणि तेथून त्या परतल्या नाहीत. काफ्कांच्या तिन्ही बहिणींचा नाझींनी बळी घेतला. मुंबईच्या किनाऱ्यावर गुरुवारची मैफल चालू असताना युरोपातून येणारी पत्रे एकेक करून बंद होत होती, ही गोष्ट त्या मैफलीचा विचार करताना विसरता येत नाही. विली हास यांच्यासारखा नामवंत समीक्षकही याच लाटेबरोबर मुंबईत येऊन भवनानींच्या चित्रपटांसाठी कथा लिहीत होता. या शहराने त्यांचे प्राण वाचविले. ते उपकार लहान नव्हेत, आणि ते मान्य करूनच पुढचे बोलले पाहिजे.

१९४६ मध्ये कॉफमन लंडनला गेले, १९४७ मध्ये कॅनडातील हॅलिफॅक्स येथे, आणि १९४८ मध्ये विनिपेग सिंफनी ऑर्केस्ट्राचे संचालक झाले. विनिपेग हे कॅनडाच्या मध्यभागी, गवताळ पठारावर वसलेले, हाडे गोठविणाऱ्या थंडीचे शहर. १९५१ च्या शिरगणतीत उपनगरे धरून त्याची वस्ती साडेतीन लाखांच्या आसपास होती. मुंबई तेव्हा त्याच्या कितीतरी पट मोठी होती. त्या लहान शहरातील नागरिकांनी नुकताच एक व्यावसायिक वाद्यवृंद उभारला होता. त्याला वादक होते, ठरावीक हंगाम होता, आणि संचालकाला पगार होता. जवळजवळ दहा वर्षे कॉफमन यांनी तो चालविला व वाढविला. बारा वर्षे ज्या शहरात त्यांनी स्वतः श्रोते जमविले, वादक जमविले, कार्यक्रम जमविले, त्या शहराला असा वाद्यवृंद देता आला नव्हता.

एक कॉफमन गेले म्हणून हळहळण्याचे कारण नव्हते. युद्ध संपल्यावर निर्वासित परत फिरणारच. पण मेहली मेहता निर्वासित नव्हते. ते येथलेच. १९३५ मध्ये त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. पारशी हौशी वादक, हॉटेलांत व चित्रपटांत वाजवून पोट भरणारे गोव्याचे वादक आणि मुंबईतील युरोपीय, असा तो मेळ होता. पुढे तेही मँचेस्टरला व तेथून अमेरिकेला गेले, आणि १९६४ मध्ये लॉस एंजेलिस येथे त्यांनी तरुणांचा वाद्यवृंद स्थापन केला. त्यांचे चिरंजीव झुबिन अठराव्या वर्षी, १९५४ मध्ये, व्हिएन्नाला गेले. त्यांची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. कर्मधर्मसंयोग असा की, १९४८ नंतर रायगडच्या किनाऱ्यावरून बेने इस्रायलांची बहुतेक कुटुंबे ज्या इस्रायलात गेली, तेथल्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदाची धुरा या मुंबईकराने २०१९ पर्यंत अनेक दशके वाहिली.

तिसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. गोव्याच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे चित्रपटांतील नामवंत व्हायोलिनवादक व स्वरसंयोजक होते. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. हिंदुस्थानी राग मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहावेत, या एकाच ध्यासाने त्यांनी १९५८ मध्ये स्वतःच्या कमाईतून वादक गोळा केले आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात स्वतःच्या रचना स्वतः संचालित केल्या. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. संचालक आणि रचनाकार या दोन्ही नात्यांनी या देशात उभा राहिलेला हा आपला माणूस. पण खिशातून चालविलेला वाद्यवृंद किती दिवस चालणार? १९६० च्या दशकाच्या मध्यास तेही अमेरिकेला गेले. १९७७ च्या एका चित्रपटातील गाण्यामुळे त्यांचे नाव घरोघरी झाले खरे, पण ते एका विनोदी पात्राचे नाव म्हणून. ते नाव प्यारेलाल यांनी गुरूच्या आदरापोटी सुचविले होते, हे फार थोड्यांना ठाऊक होते. २०१२ मध्ये गोन्साल्विस गोव्यातच निवर्तले.

या तीन चरित्रांतून निघणारा निष्कर्ष एकच आहे. गुणी माणसाला आसरा देणे, त्याच्यासाठी टाळ्या वाजविणे, प्रसंगी त्याला देणगी देणे, हे आपण करतो. परंतु त्याच्या मागे टिकणारी, नियमाने चालणारी, पगार देणारी संस्था उभी करणे आपल्याला साधत नाही. गायकाला संस्था नसली तरी त्याचे गाणे त्याच्या गळ्यात असते. एक तंबोरा आणि एक शिष्य एवढ्यावर घराणी चालली आहेत. वाद्यवृंदाच्या संचालकाचे तसे नाही. त्याचे वाद्य म्हणजे ऐंशी माणसे, आणि ऐंशी माणसांना दर महिन्याला किराणा लागतो. त्यामुळे एकल कलेचा आपला देश अशा माणसाला गावाबाहेरच ठेवतो. व्यावसायिक स्वरूपाचा सिंफनी ऑर्केस्ट्रा मुंबईत उभा राहायला २००६ साल उजाडावे लागले, आणि त्यालाही प्रत्येक हंगामात परदेशांतून वादक आणावे लागतात.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो गैर नाही. ज्या राज्यात शाळांना छप्पर नाही तेथे बेथोव्हेनसाठी पैसा का खर्चावा? पाश्चात्त्य संगीताचे हे वेड मूठभर श्रीमंतांचे; त्यात अलिबागच्या शिक्षकाने किंवा पेणच्या कारकुनाने का पडावे? बेथोव्हेनचा आग्रह या लेखाचा नाहीच. प्रश्न अनेकांनी मिळून करावयाच्या संगीताचा आहे, आणि ती गोष्ट परकी नाही. दिंडीत शेकडो टाळ एका ठेक्यात पडतात. कोकणातल्या खालूबाज्यात सनई, ढोल आणि टिमकी यांचे नाते पिढ्यानपिढ्या ठरलेले असते. स्वातंत्र्यानंतर आकाशवाणीने दिल्लीत वाद्यवृंद उभा केला. रविशंकर यांनी त्यासाठी रचना केल्या व त्याचे संचालन केले, आणि १९५६ पासून पन्नालाल घोष यांनी ते काम पाहिले. सोनवड्याचे वसंत देसाई चित्रपटांतून मोठे झाले, पण उतारवयात त्यांनी शाळाशाळांतील मुलांना एकत्र आणून समूहगान शिकविण्याचा ध्यास घेतला. १९७५ मध्ये ते अपघाती गेले आणि त्यांच्यामागे तो उपक्रम त्या जोमाने राहिला नाही. पुन्हा तेच. माणूस होता तोवर काम होते. संस्था नव्हती म्हणून माणसाबरोबर काम गेले.

समूहसंगीताचे शिक्षण ही चैन आहे असे मानणाऱ्यांनी एकदा चांगल्या तालमीत बसून पाहावे. आपला सूर खरा असूनही तो या क्षणी खाली ठेवायचा, शेजाऱ्याची ओळ संपेपर्यंत आपण मोजत थांबायचे, आणि आपली पाळी आली की न कचरता सुरुवात करायची, एवढ्या तीन गोष्टी मुलाला त्यात शिकायला मिळतात. सभा, समित्या आणि सहकारी संस्था चालविणाऱ्या महाराष्ट्राला या तिन्हींची किती निकड आहे, हे वाचकांना सांगायला नको.

कॉफमन यांचा उत्तरकाळ अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात गेला. १९५७ पासून ते तेथे संगीतशास्त्राचे प्राध्यापक होते. मुंबईत असताना जे साठविले ते त्यांनी तेथे बसून लिहून काढले. उत्तर हिंदुस्थानच्या रागांवरील त्यांचा ग्रंथ १९६८ मध्ये आणि दक्षिणेकडील रागांवरील ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. पौर्वात्य स्वरलिपींवर व तिबेटी बौद्ध पठणावरही त्यांची पुस्तके आहेत. जे संगीत पहिल्यांदा ऐकताना कळले नाही म्हणून ज्याने स्वतःला दोष दिला, त्याने चाळीस वर्षांनी त्याच संगीताचे कोश इंग्रजी वाचकांच्या हाती दिले. ऋण फेडण्याची याहून चांगली रीत कोणती? ९ सप्टेंबर १९८४ रोजी ब्लूमिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. रचनाकार म्हणून मात्र ते जवळजवळ विसरलेच गेले होते. २०२० मध्ये टोरांटोच्या एआरसी एन्सेंबल या वादकसमूहाने त्यांच्या निवडक रचनांची ध्वनिमुद्रिका काढली आणि मुंबईत लिहिलेले ते संगीत पुन्हा कानी पडू लागले. ते शोधून वाजविण्याचे श्रेयही परदेशालाच जावे, हे आपल्या रीतीला धरूनच झाले.

काय करता येईल? फार मोठ्या गोष्टी सुचविण्याचे कारण नाही. वर्षातून एकदा, १ एप्रिलला, आकाशवाणीने त्या धुनेच्या आधी तिच्या कर्त्याचे नाव उच्चारावे. त्याला पैसा लागत नाही. ‘अनसूया’सारख्या जुन्या कामांचे कागद व ध्वनिमुद्रणे यांचा शोध घेण्याचे काम एखाद्या विद्यापीठाच्या संगीत विभागाने पदवीच्या विद्यार्थ्यांवर सोपवावे. जिल्ह्याजिल्ह्यांतून एक तरी शालेय वाद्यवृंद असा असावा, ज्याचा शिक्षक तासिकेवर नेमलेला नसून कायम असेल, आणि त्यात सनई, ढोलकी, व्हायोलिन, पेटी जे हाताशी असेल ते वाजावे. रायगड जिल्ह्यापासून आरंभ करायला हरकत नाही. येथल्या कोळीवाड्यांत लय आहे, भजनी मंडळांत सूर आहे, आणि कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत चर्चमधील समूहगानाची परंपरा आहे. कमतरता आहे ती दर आठवड्याला ठरल्या वेळी येणाऱ्या आणि पुढच्या वर्षीही येण्याची खात्री असलेल्या एका माणसाची, व त्याला नेमणाऱ्या संस्थेची.

आता घरोघरी पहाटे रेडिओ लागत नाही. परवान्याची पुस्तिका गेली, फळीवरचा रेडिओही बहुतेक ठिकाणी अडगळीत गेला. पण आकाशवाणीची ती धून टिकून आहे. समुद्रावरून आलेल्यांना नवगावच्या किनाऱ्याने घाणा दिला, शेत दिले, भाषा दिली, म्हणून ते येथे नांदले. मुंबईने कॉफमन यांना एक खुर्ची दिली आणि बारा वर्षांनी ती रिकामी झाली. पुढचा कॉफमन कदाचित परदेशातून येणार नाही. तो रोह्याच्या किंवा म्हसळ्याच्या एखाद्या शाळेत बाकावर बोटांनी ठेका धरून बसलेला असेल. त्याच्यासाठी आपण काय ठेवले आहे, याचे उत्तर ती धून ऐकताना आपण स्वतःशी द्यावे.